चार पायांचे पेन्शनर

मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. वयाच्या नवव्या वर्षी गावी एका पिसाळलेल्या कुत्र्याने पोटरी धरली आणि मग तालुक्याच्या दवाखान्यात रोज एक अशी चौदा इंजेक्शनं पोटात घेतली. बेंबीभोवती घड्याळाचे आकडे मांडावेत तशी. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना ती आठवत असतील. तेव्हापासून समोरून कुत्रं आलं की मी रस्ता बदलतो. सोसायटीत लॅब्रॅडॉर पाळणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर लिफ्टमध्ये जाण्याऐवजी या वयातही तीन जिने चढतो. त्यामुळे आज मी कुत्र्यांवर लिहायला बसलोय हे वाचून पुण्याची भाचेमंडळी हसणार आहेत. हसू देत.

निमित्त झालं ते आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या एका फोटोचं. जुना फोटो आहे, अनेकांनी पाहिला असेल. फुलांनी झाकलेला एक कुत्रा निपचित पडलाय आणि एक वरिष्ठ पोलीस अधिकारी त्याच्यावर पुष्पचक्र वाहतोय. खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘हजारो प्राण वाचवणारा खरा देशभक्त! पुढे पाठवा.’ आमच्याकडे तो एका सकाळी चार जणांनी पुढे पाठवला. मग नेहमीप्रमाणे हात जोडलेली चित्रं आली, त्यापाठोपाठ कोणाच्या तरी नातीच्या वाढदिवसाचा केक आला आणि विषय संपला.

फोटो जंजीरचा. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातला लॅब्रॅडॉर. जन्म जानेवारी १९९२ चा, शिक्षण पुण्याचं (शिवाजीनगरला गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, तिथलं), नाव १९७३ च्या अमिताभच्या सिनेमावरून ठेवलेलं. डिसेंबर १९९२ च्या अखेरीस तो पथकात रुजू झाला. पुढच्या अडीच महिन्यांत काय वाढून ठेवलंय हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, त्याला कुठून असणार!

१२ मार्च १९९३. शुक्रवार होता. मी तेव्हा दादरच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. दुपारच्या अधिवेशनाचे वर्ग चालू होते. प्लाझा सिनेमाजवळ स्फोट झाला तेव्हा आमच्या वर्गाची तावदानं थरथरली आणि फळ्यावरचं डस्टर खाली पडलं. मुलांना वाटलं सिलिंडर फुटला. शेअर बाजार, एअर इंडिया, झवेरी बाजार, सेंच्युरी बाजार ही नावं नंतर एकेक करून कानावर येत गेली. त्या दिवशी २५७ माणसं गेली. संध्याकाळी शेवटच्या मुलाची आई त्याला न्यायला आली तेव्हा साडेसात वाजून गेले होते. ती मंत्रालयापासून चालत आली होती. मुलाला पाहून ती रडली नाही की काही नाही, एवढंच म्हणाली, ‘डबा खाल्लास ना रे?’

पुढचे कित्येक महिने या शहरात बेवारस पिशवी म्हणजे भीती होती. प्लॅटफॉर्मवर कोणाची बॅग दोन मिनिटं एकटी राहिली की माणसं लांब व्हायची. ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना जंजीर काय होता हे वेगळं सांगायला नको. स्फोटांनंतर तिसऱ्याच दिवशी, १५ मार्चला, धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशी त्याने इशारा दिला. त्या स्कूटरमध्ये स्फोटकं भरलेली होती. त्याच्या नावावर ज्या नोंदी आहेत त्या अशा: ३३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६४०६ जिवंत काडतुसं. तीन टनांहून जास्त आरडीएक्स! एका स्कूटरमध्ये मावेल एवढ्याने काय होतं ते आम्ही पाहिलं होतं, तेव्हा तीन टनांचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा. हाडांच्या कर्करोगाने १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला. वय अवघं आठ. फोटो त्यानंतरच्या मानवंदनेचा.

आता माझा आक्षेप सांगतो. फोटोला नाही, ‘देशभक्त’ या शब्दाला.

मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दांच्या बाबतीत थोडा खवचट आहे. (‘थोडा?’ असं स्वयंपाकघरातून ऐकू आलं. असो.) आपल्याकडे या प्राण्यासाठी दोन शब्द आहेत. रस्त्यावर असतो तो कुत्रा, आणि पोलिसांच्या जीपमधून उतरतो तो श्वान. पगारावर आला की संस्कृत! आणि त्याला सांभाळणारा जो हवालदार, त्याला सरकारी मराठीत ‘श्वान हस्तक’ म्हणतात. हस्तक हा शब्द वर्तमानपत्रांत एरवी कोणाच्या नावापुढे येतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. तर सांगायचा मुद्दा, जंजीरला देश माहीत नव्हता. त्याला आरडीएक्स म्हणजे काय, ते कोणी आणलं, कशासाठी आणलं, यातलं काही कळत नव्हतं. त्याला एक वास ओळखीचा होता. तो वास सापडला की गुपचूप खाली बसायचं, आणि बसलं की आपला माणूस खूश होऊन खिशातून बॉल काढतो, एवढं त्याला माहीत होतं.

हो, भुंकायचं नाही, पंजाने उकरायचं नाही, फक्त बसायचं. हे मला पूर्वी ठाऊक नव्हतं. बॉम्ब शोधणारा कुत्रा उकरायला लागला तर त्याच्यासकट सगळेच जायचे. म्हणून या कुत्र्यांना अगदी लहानपणापासून शांत बसायची सवय लावतात. आपल्या नाकात गंध ओळखणारे ग्राहक पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी. म्हणजे आपल्याला जिथे नुसती भेळेच्या गाडीची घमघम येते, तिथे त्याला कांदा वेगळा, चिंच वेगळी, भेळवाल्याच्या हाताचा घाम वेगळा आणि शेजारच्या बाकाखालच्या पिशवीतली दारू वेगळी कळते. पण या कामाने तो लवकर थकतो. भराभर हुंगत राहायचं म्हणजे धापा टाकता येत नाहीत, आणि धापा टाकल्याशिवाय कुत्र्याचं अंग थंड होत नाही. म्हणून थोडा वेळ काम झालं की त्याला बाजूला घेऊन पाणी पाजावं लागतं. मुंबईच्या उकाड्यात, चेंगराचेंगरीच्या प्लॅटफॉर्मवर आठ-नऊ वर्षं हे करायचं.

आता तो हे सगळं एका बॉलसाठी करतो म्हणून त्याची किंमत कमी होते का? माझ्या मते उलट वाढते. माणूस देशासाठी प्राण धोक्यात घालतो तेव्हा तो धोका त्याने निवडलेला असतो. कुत्र्याने काहीच निवडलेलं नसतं. त्याला धोका आहे हेच कोणी सांगितलेलं नसतं. तो आपल्यावर विश्वास ठेवून त्या स्कूटरपाशी जातो, आणि आपण, ज्यांना सगळं माहीत असतं, दोरीचं दुसरं टोक धरून त्याच्या मागे उभे राहतो. त्याला देशभक्त म्हटलं की हा सगळा व्यवहार सोयीस्करपणे झाकला जातो. देशभक्ताने काही मागायचं नसतं ना! म्हणून मला त्याला देशभक्त म्हणायचं नाही. मला त्याला नोकर म्हणायचंय. सरकारी नोकर. म्हणजे मग पेन्शनचा प्रश्न काढता येतो.

२६ नोव्हेंबर २००८ ची गोष्ट घ्या. त्याच वर्षी मे महिन्यात मी निवृत्त झालो होतो. निवृत्तीचा समारंभ छान झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि ‘सरांची पोकळी भरून निघणार नाही’ अशी सात भाषणं. (पोकळी जूनमध्ये भरली.) पेन्शनचे कागद मात्र एका कार्यालयात चौदा महिने फिरत होते. मी विरारहून जायचो, साहेब जागेवर नसायचे, परत यायचो. अर्ज लिहिण्यात मी वाकबगार, इतरांनाही लिहून द्यायचो, तरी चौदा महिने लागले. तेव्हा पुष्पगुच्छ आणि पेन्शन यांत फरक काय असतो, हे मला चांगलं माहीत आहे.

तर त्या नोव्हेंबरात सीएसटीवर ५८ माणसं मारली गेली. हल्लेखोर पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या सामानात काय आहे हे बघायला सीझर नावाच्या लॅब्रॅडॉरला नेलं, आणि त्याने तिथले जिवंत हातबॉम्ब शोधून काढले. नरिमन हाऊसच्या तपासणीतही तो होता. मॅक्स नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने ताजपाशी आठ किलो आरडीएक्स आणि २५ हातबॉम्ब शोधले. सुलतान आणि टायगर हे आणखी दोघे त्याच कामावर होते. मी ज्या स्टेशनवरून आयुष्यभर कोकणात जायच्या गाड्या पकडल्या, त्याच्या फरशीवर ही मंडळी हुंगत फिरली म्हणून ते स्टेशन पुन्हा सुरू झालं.

हे चौघे निवृत्त झाल्यावर कुठे राहिले? आमच्या विरारला! एका प्राणिप्रेमी बाईंच्या शेतघरावर. इथून फार लांब नाही, आणि मला हे कळलं ते चौघेही गेल्यावर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मॅक्स गेला, जूनमध्ये सुलतान, जुलैमध्ये टायगर. सीझर एकटा उरला. ऑक्टोबरमध्ये हृदयविकाराने तोही गेला. अकरा वर्षांचा होता. सहा-सात महिन्यांत चारही जण संपले. तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, फोटो आले, ‘२६/११ चा शेवटचा वीर’ वगैरे मथळे आले.

त्या बाईंना माझा नमस्कार. पण माझा प्रश्न असा, की त्यांनी जागा दिली नसती तर? ज्यांनी मुंबईचं सर्वांत मोठं स्टेशन हुंगून साफ केलं, त्यांचं म्हातारपण एका बाईंच्या चांगुलपणावर अवलंबून का असावं? चांगुलपणा ही फार मोठी गोष्ट आहे, पण ती नियम नव्हे. मला पेन्शन मिळते ती कोणाच्या चांगुलपणामुळे नाही, म्हणून तर मी कोणाच्या तोंडाकडे न बघता जगतो.

बाहेर काय झालं ते बघा. अमेरिकेने व्हिएतनामच्या युद्धात हजारो कुत्री नेली आणि परत येताना बहुतेक सगळी तिथेच टाकून आले. फालतू सामान म्हणून! तंबू, जनरेटर आणि कुत्री. त्या कुत्र्यांच्या हस्तकांनी वर्षानुवर्षं बोंब मारली तेव्हा कुठे निवृत्त सैनिकी कुत्री दत्तक देता येतील असा कायदा झाला. तो नोव्हेंबर २००० मध्ये. म्हणजे ज्या महिन्यात जंजीर गेला त्याच महिन्यात. इंग्लंडात नॉटिंगहॅमशरच्या पोलिसांनी २०१३ साली निवृत्त कुत्र्यांच्या औषधपाण्यासाठी तीन वर्षांत दीड हजार पौंडांपर्यंत पेन्शन सुरू केली. रक्कम मोठी नाही, पण शब्द बघा, पेन्शन. आणि आपल्याकडे? २०१५ साली माहितीच्या अधिकारात सैन्यातल्या कुत्र्यांबद्दल जी माहिती बाहेर आली ती अशी, की कामाला निरुपयोगी झालेल्या कुत्र्यांना शेवटी इंजेक्शन देऊन संपवलं जात होतं. त्यावर गदारोळ झाला, फेरविचार झाला, चांगलं झालं. पण तोवर कितीजण गेले असतील! मानवंदनाही होती आणि इंजेक्शनही होतं, दोन्ही एकाच घरात.

मानवंदनेत आपण कमी नाही हे खरंच. ऑगस्ट २०२० मध्ये बीड पोलिसांचा रॉकी गेला. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याचा हात होता. पाय म्हणूया. त्यालाही सन्मानाने निरोप दिला आणि पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव घेतलं. रायगडावरच्या वाघ्यावरून २०१२ साली आणि पुन्हा २०२५ साली केवढा वाद झाला. तो खरा होता की नव्हता, पुतळा असावा की नसावा. मी इतिहासाचा माणूस नाही, त्या वादात पडत नाही. पण ज्यांच्या नोंदी सरकारी रजिस्टरात किलो आणि नगांनिशी आहेत, त्यांच्यासाठी कोणी दोन ओळींचं निवेदन दिल्याचं माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

परवा हे सगळं मी धाकट्या भावाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, ‘दादा, गिरणी कामगारांना अजून घरं नाहीत, अंगणवाडीच्या बायकांना पेन्शनसाठी मोर्चे काढावे लागतात, आणि तू कुत्र्यांचं काय घेऊन बसलास?’ बोलणं बिनतोड आहे. मीही रात्रभर विचार केला. पण मला वाटतं, हा ‘आधी माणसं, मग कुत्री’ असा रांगेचा प्रश्न नाही. अंगणवाडीताईंना मोर्चा काढता येतो, आणि त्यांनी तो काढलाच पाहिजे, मी त्यांच्या बाजूचा आहे. ज्याला अर्जही करता येत नाही त्याच्याशी आपण कसं वागतो, यावरून त्या कार्यालयाची नियत कळते. जे खातं आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याची औषधं वेळेवर देईल, ते बहुधा आपल्या म्हाताऱ्या हवालदाराचीही फाइल दाबून ठेवणार नाही. बहुधा म्हणतोय मी. भाऊ म्हणाला, ‘तू आशावादी आहेस.’ ते मात्र खरं.

मला काय हवंय? फार नाही. कुत्रा निवृत्त झाला की मरेपर्यंत त्याचा दवाखाना आणि खाणं खात्याकडे. त्याला घरी न्यायचा पहिला हक्क त्याच्या हस्तकाचा. आणि हस्तकाला न्यायचं असेल तर त्यासाठी जागा. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण तिथेच गाडी अडते. पोलीस लाइनीतल्या दीड खोलीत बायको, दोन मुलं, आई आणि तीस किलोंचा लॅब्रॅडॉर कसा राहणार?

हे मला सांगितलं माझ्याच एका विद्यार्थ्याने. तो अजून खात्यात आहे म्हणून त्याचं नाव, जिल्हा काहीच लिहीत नाही. शाळेत असताना बेताचा. मधल्या सुट्टीत फाटकापाशी उभं राहून डब्यातली पोळी कुत्र्याला घालायचा. मला कुत्र्यांची ही अशी भीती, तो कुत्रा फाटकापाशी मुक्कामच करायला लागलेला. एकदा मी त्याला वर्गासमोर उभं केलं आणि ‘शिस्तीचे महत्त्व’ या विषयावर दोन पानी निबंध लिहायची शिक्षा केली. तोच पुढे पोलिसात गेला आणि श्वान पथकात त्याला एक लॅब्रॅडॉर कुत्री मिळाली. आठ वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. सभा, गणपती, रेल्वे स्टेशनं, सगळं. ती निवृत्त झाली तेव्हा याच्या घरात जागा नव्हती. धावपळ करून त्याने तिला आपल्या भावाच्या वाडीवर ठेवलं, वसईच्या पुढे. तो महिन्यातून एकदा येतो. पहिल्या खेपेला परत निघाला तेव्हा ती म्हणे मोटारसायकलपाशी जाऊन उभी राहिली, ड्यूटीवर निघाल्यासारखी. त्यानंतर तो तिथे युनिफॉर्मच्या पँटमध्ये कधी गेला नाही.

गेल्या दिवाळीत पाडव्याला त्याने मला बोलावलं. मी टाळत होतो, कारण उघड आहे. सौ. म्हणाल्या, म्हातारी कुत्री आहे, तुम्हीही काही तरुण नाही, चला. गेलो. ती ओसरीवर गोणपाटावर पडली होती. मागच्या पायांना संधिवात, तोंड पांढरं झालेलं. मी आत शिरलो तशी तिने मान वर करून एकदा हवा हुंगली आणि पुन्हा मान टाकली. मी लांबच्या खुर्चीवर बसलो.

थोड्या वेळाने घरातली मुलं फटाक्यांची पिशवी घेऊन बाहेर आली आणि ओसरीच्या कोपऱ्यात ठेवून उटण्याचे वास घेत आत पळाली. ती उठली. उठायलाच तिला अर्धा मिनिट लागला असेल. सावकाश त्या पिशवीपाशी गेली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने नाक नेलं, आणि बसली. ताठ. दुखऱ्या पायांवर. भुंकली नाही, काही नाही. मुलं परत आली आणि ‘ए, सरक ना’ म्हणून तिला ढकलायला लागली. ती हलेना. दाराकडे बघत बसून राहिली.

माझा विद्यार्थी आतून फराळाची बशी घेऊन बाहेर आला आणि दारातच थांबला. बशी त्याने खाली जमिनीवर ठेवली. ‘शाब्बास,’ म्हणाला, आणि त्याचा हात आपोआप पँटच्या खिशाकडे गेला. खिशात काही नव्हतं. ‘बॉल आणा रे,’ तो मुलांवर ओरडला, ‘लवकर आणा.’

मुलांनी प्लॅस्टिकचा क्रिकेटचा बॉल आणला. तो त्याने माझ्या हातात दिला. ‘सर, तुम्ही टाका.’ माझा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नाही. मी जसा जमला तसा टाकला, तो अंगणात आळवाच्या वाफ्यापाशी जाऊन थांबला. ती ओसरीची पायरी एकेक पाय टाकत उतरली, बॉल घेऊन तशीच चढून परत आली, आणि तो माझ्या चपलेवर ठेवला.

बॉल ओला होता. मी तो उचलला आणि पुन्हा टाकला. या वेळी जवळच टाकला.